लपवलेली ओळ: स्टार्टअपचे संस्थापक आणि त्यांचे गुंतवणूकदार यांना खुलं पत्र

संस्थापकहो, आणि त्यांच्यावर पैसे लावणाऱ्या गुंतवणूकदारांनो,

स. न. वि. वि.

बोर्ड मीटिंगच्या आदल्या रात्री साडेअकराला आमच्या संस्थापकाने माझ्या टेबलाशी खुर्ची ओढली. दुसऱ्या दिवशीच्या सादरीकरणामागची शीट स्क्रीनवर उघडी होती. बेचाळिसाव्या ओळीत सक्रिय ग्राहकांची संख्या होती. गेल्या तीस दिवसांत ज्याने पैसे दिले तो सक्रिय, अशी आमची व्याख्या होती, आणि तो आकडा सलग तिसऱ्या महिन्यात घटला होता. संस्थापक बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "नुसतं ॲप उघडणाराही सक्रियच की. तशी एक ओळ टाकून बघ ना." मी टाकली. आकडा चौपट झाला, आलेख वर वळला. "जुनी ओळ काढून टाकू?" मी विचारलं. "काढू नको. नुसती हाइड कर."

दुसऱ्या दिवशी आकडे वाचून दाखवायला मीही मीटिंगला होते. आमच्यात पैसे घातलेल्या फंडाकडून आलेले भागीदार त्या आलेखापाशी थांबले. त्यांनी मागच्या तिमाहीची फाइल आपल्या लॅपटॉपवर उघडली, दोन्ही आकडे ताडून पाहिले आणि फाइल मिटली. व्याख्या का बदलली, हे विचारलं नाही. "चांगला वेग पकडलाय," एवढंच म्हणाले. मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होते, त्यामुळे त्यांना काय कळलं हे मला कळलं. पुढच्या महिन्यात त्यांना त्यांच्या फंडात पैसे घालणाऱ्यांपुढे बसायचं होतं. तो वर वळलेला आलेख संस्थापकाइतकाच त्यांनाही हवा होता.

खोटं कोणी बोललं नव्हतं. नवी व्याख्या स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेली होती. पण खरंही कोणी सांगितलं नव्हतं. अकरा महिन्यांनी ती कंपनी बंद झाली, आणि ती का बंद झाली याचं उत्तर माझ्या मते त्या बेचाळिसाव्या ओळीतच होतं: ज्यांनी एकदा पैसे दिले ते पुन्हा देत नव्हते. का देत नाहीत, हे शोधायला अकरा महिने पुष्कळ होते. आम्ही शोधलं नाही, कारण आलेख वर चालला होता.

गेली अकरा वर्षं मी स्टार्टअपांचे हिशेब सांभाळते. तीन कंपन्या झाल्या. पगार, बिलं, गुंतवणूकदारांना जाणारा महिन्याचा अहवाल, 'अजून किती महिने पुरतील' हा आकडा, सगळं माझ्या हाताखालून जातं. तुम्ही लोभी आहात, असं लिहिणारे पुष्कळ भेटतील. मला तसं वाटत नाही. मी जे संस्थापक पाहिले त्यांतल्या बहुतेकांनी स्वतःचा पगार सर्वांत शेवटी काढला, आणि जे गुंतवणूकदार पाहिले त्यांतले बरेचसे अभ्यासू आणि मदतीला धावणारे होते. माझी तक्रार वेगळी आहे. तुम्हा दोघांच्या नात्यात खरी गोष्ट बोलायला जागाच उरलेली नाही, आणि त्याची किंमत त्या खोलीत नसलेली माणसं मोजतात. म्हणून हे पत्र दोघांना एकत्र लिहितेय. वेगवेगळं लिहिलं असतं तर प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं असतं.

गुंतवणूकदारांनो, तुमच्या धंद्याचं गणित मला मान्य आहे. ते आधी मांडते, कारण ते नीट न कळताच टर्म शीटवर, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदावर, सही करणारे संस्थापक मी पाहिलेत. या धंद्याची, म्हणजे व्हेंचर कॅपिटलची (व्हीसी), आजची घडी बसवणाऱ्या पहिल्या संस्थांपैकी एक म्हणजे १९४६ साली अमेरिकेत जॉर्ज डोरियो यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली एआरडीसी (अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन). या संस्थेने कितीतरी कंपन्यांत पैसे घातले. त्यांपैकी १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत घातलेले ७०,००० डॉलर पुढे कोट्यवधींचे झाले, आणि संस्थेच्या एकूण कमाईचा मोठा भाग या एकाच निर्णयातून आला. पहिल्याच पिढीत हा नमुना दिसला आणि तो बदललेला नाही. अनेक फंडांमध्ये पैसे घालणाऱ्या हॉर्स्ली ब्रिज या संस्थेने १९८५ ते २०१४ या काळातल्या हजारो गुंतवणुकींचा हिशेब मांडला, तेव्हा जवळपास निम्म्या गुंतवणुकींत घातलेलं मुद्दलही परत आलेलं नव्हतं, आणि एकूण परताव्यापैकी साधारण ६० टक्के परतावा अवघ्या ६ टक्के गुंतवणुकींतून आला होता.

म्हणजे फंडाचं नशीब एकदोन कंपन्यांवर ठरतं. त्यात फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं. त्या मुदतीत पैसे लावायचे, वाढवायचे आणि परत करायचे. फंड चालवणाऱ्यांना दरवर्षी साधारण २ टक्के शुल्क मिळतं आणि नफ्यातला साधारण २० टक्के वाटा. अशा रचनेत दहा वर्षांत दुप्पट झालेली कंपनी आणि बुडालेली कंपनी यांत फंडाच्या दृष्टीने फार फरक उरत नाही, दोघींनीही 'फंड परत येत नाही', म्हणजे फंडाचे एकूण पैसे भरून निघत नाहीत. म्हणून फंडाने तीस कंपन्यांत पैसे घातले असतील तर तीसही जणींना एकच सल्ला मिळतो: मोठं व्हा, लवकर व्हा, मधलं काही नको. तीस कंपन्यांचा एकत्र विचार केला तर हा सल्ला बरोबरच आहे.

पण फंड तीस डाव एकदम लावतो. संस्थापकाला डाव एकच असतो आणि तो खेळण्यात सात-आठ वर्षं जातात. त्याच्याकडे नोकरीला आलेल्या माणसाला तर आपण डावावर लागलोय हेही कोणी सांगत नाही. एकोणतीस कंपन्या बुडाल्या तरी चालेल हा हिशेब फंडाच्या वहीत बसतो. एकोणतिसांतल्या एकीच्या वहीत तो कसा बसवायचा? मी त्याच वह्या लिहिते, आणि मला तो बसवता आलेला नाही.

माझी दुसरी कंपनी दवाखान्यांसाठी वेळापत्रक आणि बिलांचं सॉफ्टवेअर करायची. चाळीस माणसं. महिन्याचा खर्च महिन्याच्या कमाईतून भागायचा, थोडं शिल्लक राहायचं, ग्राहक सोडून जात नसत. मी तिथे रुजू झाले तेव्हा 'किती महिने पुरतील' या रकान्यात आकडाच नव्हता, एक आडवी रेघ होती, कारण पैसे संपण्याचा प्रश्नच नव्हता. हिशेबाचं काम करणाऱ्या माणसाला त्या रेघेइतकं सुख दुसऱ्या कशात नसतं. बोर्डावरच्या गुंतवणूकदारांना मात्र ती रेघ काळजीची वाटायची. "हे चांगलंच आहे, पण याने फंड परत येणार नाही," हे वाक्य मी त्या वर्षी तीन मीटिंगांत ऐकलं. नवा राउंड झाला, म्हणजे गुंतवणूकदारांकडून पुन्हा पैसे उभे केले. नऊ महिन्यांत चाळीसची दीडशे माणसं झाली, तीन नव्या बाजारांत एकदम उतरलो, ज्या दवाखान्यांना आमच्या सॉफ्टवेअरची गरज नव्हती त्यांना ते फुकट वाटलं. रेघेच्या जागी आधी अठरा आला, मग अकरा, मग सात.

आणि मग २०२२ उजाडलं. त्या मार्चपासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने शून्याजवळ ठेवलेले व्याजदर वाढवायला सुरुवात केली. इतकी वर्षं स्वस्त असलेला पैसा महाग झाला, आणि जगभर पुढचे राउंड अडले. ज्या तोंडांनी वर्षापूर्वी 'वेग वाढवा' म्हटलं होतं, तीच तोंडं आता 'रोख सांभाळा' म्हणू लागली. मला त्यांचा राग आला नाही. हवा बदलली की सल्ला बदलणारच. राग याचा आला की चाळीस माणसांची, स्वतःच्या पायांवर उभी असलेली ती आधीची कंपनी परत मिळवण्याचा रस्ता आता कुणाकडेच नव्हता. तिला कोणी बुडवलं नव्हतं. तिला फक्त 'पुरेशी' होऊ दिलं नव्हतं.

त्या कंपनीची शेवटी विक्री झाली. बाहेर पेढे वाटावेत अशी बातमी गेली, अभिनंदनाचे निरोप आले. विक्रीच्या पैशांची वाटणी कशी होणार याची शीट मी केली. आकडे सोपे करून सांगते. सगळ्या राउंडांत मिळून शंभर रुपये उभे केले होते असं धरा, आणि कंपनी सत्तरला विकली गेली. गुंतवणूकदारांच्या शेअरना लिक्विडेशन प्रेफरन्स असतो, म्हणजे घातलेलं मुद्दल आधी त्यांचं निघणार आणि उरलं तर बाकीच्यांना. सत्तरमधून शंभर निघत नाहीत, त्यामुळे सत्तरही तिकडेच गेले. हे बेकायदा नाही, लपवलेलंही नाही, बहुतेक करारांत असतं, आणि जो पहिला धोका पत्करतो त्याने पहिला हात घालावा यात मला अन्यायही दिसत नाही. पण आमच्याकडे सॉफ्टवेअर तपासणारी एक मुलगी होती. पाच वर्षं होती. येताना तिने आधीच्यापेक्षा तीस टक्के कमी पगार घेतला होता, कारण बाकीचं शेअरमध्ये मिळेल असं तिला सांगितलं होतं. बातमी आली त्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "माझे किती होतात ते सांगशील?" मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिने तिच्या नावापुढचं शून्य पाहिलं, आणि मला विचारलं की शीटमध्ये काही चुकलंय का.

पाच वर्षांत तिला हे कोणीच समजावलं नव्हतं. संस्थापकाने नाही, गुंतवणूकदाराने नाही, आणि मीही नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डच्या बंदरातून व्हेलच्या शिकारीला जहाजं निघायची, तेव्हा खलाशांना पगार नसे, शिकारीतला वाटा असे. आजच्या या धंद्याचे पूर्वज त्या जहाजांत शोधले जातात. ते खलाशी भरडले जायचे, कपड्यालत्त्याचा खर्च वजा होऊन कित्येक जण कर्ज घेऊनच परतायचे. पण निघण्यापूर्वी सही केलेल्या करारावर आपला वाटा कितवा ते त्यांना वाचता यायचं. आमच्या मुलीच्या पत्रावर शेअरची संख्या होती. त्या संख्येला पैसा केव्हा येतो, हे कुठेच नव्हतं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. हे गणित दोघांनाही ठाऊक असताना कोणी बोलत का नाही?

संस्थापकहो, तुम्हाला कोणीही "कसं चाललंय?" विचारलं की तुमच्या तोंडून "जोरात" निघतं. मी हे इतक्या वेळा ऐकलंय की त्यामागचा श्वास ओळखू येतो. तुमच्या अडचणी ज्याला सर्वांत चांगल्या कळतील असा माणूस म्हणजे तुमचा गुंतवणूकदार. त्याने अशा पन्नास कंपन्या पाहिलेल्या असतात. पण पुढच्या राउंडच्या वेळी नवा गुंतवणूकदार पहिला फोन त्यालाच करतो. त्याने पुन्हा पैसे घातले नाहीत तर बाहेर लगेच अर्थ लावला जातो की आत काहीतरी बिनसलंय. म्हणजे ज्याच्याजवळ मन मोकळं करावं तोच उद्या तुमचा जामीन. मग झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही ती झाकलेली ठेवता, बाहेरच्यांपासून, मग बोर्डापासून, मग स्वतःच्या टीमपासून, आणि रात्री साडेअकराला एकट्या हिशेबनिसापुढे उघडता.

गुंतवणूकदारांनो, तुमच्या बाजूलाही तीच गाठ आहे. या कंपनीची शिफारस तुम्ही तुमच्या भागीदारांपुढे केलेली असते. तुमच्या फंडाची खरी कमाई दिसायला आठ-दहा वर्षं लागतात, पण पुढच्या फंडासाठी पैसे मागायला तुम्हाला तीन-चार वर्षांतच निघावं लागतं. तेव्हा दाखवायला तुमच्याजवळ कागदावरची व्हॅल्युएशन, म्हणजे कंपन्यांच्या धरलेल्या किमती, असतात, दुसरं काय? ती फुगलेली आहेत हे तुम्ही संस्थापकाला सांगितलंत तर स्वतःचाच कागद फाडावा लागतो. म्हणून तुम्ही मागच्या तिमाहीची फाइल उघडता, बघता, आणि मिटता. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपण म्हणतो. माझ्या कामात मी उलटं पाहिलंय. दोघांनी मिळून आणलं तर पैशाचंही सोंग बरेच महिने चालतं.

मोठ्या प्रकरणांकडे बघितलं तरी मला तेच दिसतं. जानेवारी २०१९ मध्ये कार्यालयांसाठी जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्कची किंमत ४७ अब्ज डॉलर धरली गेली होती. त्याच्या आदल्या वर्षी रोखे विकताना त्या कंपनीने नफ्याचं एक स्वतःचंच माप कागदावर आणलं होतं. त्या मापातून जाहिरातीचा आणि कार्यालयीन कारभाराचा खर्चसुद्धा बाजूला काढला होता. बेचाळिसावी लपवून आम्ही टाकलेली नवी ओळ त्याच जातीची होती, फक्त लहान. ऑगस्ट २०१९ मध्ये शेअर विक्रीची कागदपत्रं सगळ्यांसमोर आली आणि दीड महिन्यात ती विक्री मागे घ्यावी लागली. त्यानंतर हजारो माणसांची नोकरी गेली. वीवर्कमध्ये मोठा पैसा घातलेल्या सॉफ्टबँकेचे मासायोशी सन यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, आपला अंदाज चुकला, अशी जाहीर कबुली दिली. अशी कबुली देणारे थोडेच, म्हणून त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण बाहेरच्या वाचकांना जे सहा आठवड्यांत दिसलं ते आतल्यांना इतकी वर्षं का दिसलं नाही? दिसलं असणार, असं मला वाटतं. बोलायला जागा नव्हती.

एफटीएक्स या क्रिप्टो चलनाच्या बाजाराची गोष्ट तर सिकोया या नामांकित फंडाने स्वतःच छापली होती. सप्टेंबर २०२२ मधल्या त्या लेखात मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं की संस्थापक पैसे मागण्याच्या व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता गेम खेळत होता आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, ऐकणारे भारावून गेले. नोव्हेंबरमध्ये ती कंपनी कोसळली आणि सिकोयाने तिथे घातलेले २१ कोटींहून जास्त डॉलर शून्य म्हणून लिहून टाकले. ज्या कंपनीकडे लोकांचे पैसे ठेवायला होते तिच्यात गुंतवणूकदारांपैकी कोणीही बोर्डावर नव्हतं. समोरच्याचं आपल्याकडे लक्ष नाही, हे बुद्धिमत्तेचं लक्षण कधीपासून झालं? नोकरीच्या मुलाखतीत आमच्यापैकी कोणी असं वागलं असतं तर दाराबाहेर असतं.

थेरानोसविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय. मी त्यातल्या एकाच गोष्टीपाशी थांबते. रक्ताच्या काही थेंबांत शेकडो तपासण्या, असा दावा करणाऱ्या त्या कंपनीत टायलर शुल्ट्झ नावाच्या तरुण कर्मचाऱ्याने २०१४ मध्ये तपासण्यांच्या दर्जाविषयीच्या शंका थेट संस्थापिका एलिझाबेथ होम्स यांना ईमेलने कळवल्या. उत्तर दुसऱ्या वरिष्ठाकडून आलं, आणि त्यात शंकांपेक्षा त्याची लायकी जास्त काढली होती. प्रयोगशाळेत काम केलेल्या एरिका चुंग यांनी पुढे सरकारी नियामकाला पत्र लिहिलं. बातमी खालून वर जायचा प्रयत्न करत होती आणि वर झाकण होतं. जानेवारी २०२२ मध्ये होम्स दोषी ठरल्या त्या गुंतवणूकदारांना फसवल्याच्या आरोपांत. रुग्णांना फसवल्याच्या आरोपांतून ज्यूरीने त्यांना सोडलं. निकालाला कायद्याची कारणं असतील, ती मला समजतात. पण ज्यांच्या रक्ताचे चुकीचे आकडे आले त्यांच्यासाठी मला आजही वाईट वाटतं.

आणि हे असंच व्हावं लागतं, असं कोणी म्हणू नये. १९७६ मध्ये क्लायनर पर्किन्स या फंडाने जेनेन्टेक या नव्या कंपनीला सुरुवातीला १ लाख डॉलर दिले. रॉबर्ट स्वॉन्सन आणि जीवशास्त्रज्ञ हर्बर्ट बॉयर यांना जिवाणूंकडून माणसाची प्रथिनं बनवून घ्यायची होती. हे होऊ शकतं की नाही, हेच कुणाला माहीत नव्हतं. मग आधी मोठी प्रयोगशाळा बांधायची नाही, सुरुवातीचे प्रयोग विद्यापीठांकडे आणि संशोधन संस्थांकडे करायला द्यायचे, आणि ज्या प्रश्नावर सगळं पडू शकतं त्याचं उत्तर सर्वांत आधी, सर्वांत कमी पैशांत मिळवायचं, असं ठरलं. १९७७ मध्ये पहिलं प्रथिन हाती आलं, १९७८ मध्ये इन्शुलिन, आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मान्य झालं. त्या वाटेवर गुंतवणूकदार आणि संस्थापक एकाच बाजूला बसून एकच विचारत होते: आपलं कुठे चुकू शकतं? पैसा खरं शोधायला वापरला गेला. आमच्या कंपनीत तोच पैसा ते लांबवायला वापरला गेला.

व्हीसीचा पैसा घेतलाच नाही म्हणजे प्रश्न सुटला, असंही मी म्हणत नाही. ईमेलवरून जाहिराती पाठवण्याची सेवा देणारी मेलचिंप ही कंपनी २००१ पासून बाहेरचा पैसा न घेता चालली आणि २०२१ मध्ये इंट्युइट या सॉफ्टवेअर कंपनीने ती साधारण १२ अब्ज डॉलरना घेतली. पण तिथेही कर्मचाऱ्यांच्या हातात शेअर नव्हते. पैसा कुणाचा यापेक्षा खोलीत काय बोललं जातं आणि दाराबाहेर काय पोचतं, याची मला जास्त काळजी आहे.

संस्थापकहो, तुम्हाला एक गोष्ट कठोरपणे सांगते. दबाव होता हे खरं, पण तो आलेख तुम्हाला आवडलाही होता. कंपनी म्हणजे मीच, असं एकदा मनाने घेतलं की घटलेला आकडा स्वतःच्या अपमानासारखा वाटू लागतो आणि तो दाखवणारा माणूस शत्रूसारखा. माझ्या तिन्ही कंपन्यांत असा एक कोणीतरी होता, ग्राहकांचे फोन घेणारा, नाहीतर माल पोचवणारा, ज्याला इतरांच्या सहा महिने आधी कळलं होतं. तिन्ही ठिकाणी त्याला 'नकारात्मक' म्हटलं गेलं. तिन्ही ठिकाणी तो बरोबर होता.

मला काय हवंय ते साधं आहे. व्याख्या बदलायची तर जरूर बदला, पण जुनी ओळ नव्या ओळीच्या शेजारी वर्षभर चालू ठेवा, दोन्ही सारख्याच अक्षरांत. मीटिंगची सुरुवात चांगल्या बातमीने करू नका. पहिला अर्धा तास काय बिघडलंय यावर द्या, तेव्हा सगळे ताजे असतात, आणि जे बोललं गेलं ते पुढच्या राउंडच्या फोनवर संस्थापकाविरुद्ध वापरणार नाही, असा शब्द गुंतवणूकदारांनी द्यावा. लेखी द्यायला जमलं तर लेखी.

चेक देण्याआधी, गुंतवणूकदारांनो, समोरच्याला सांगा की कंपनी किती मोठी झाली तर तुमच्या फंडाचं काम झालं, आणि त्याच्या खाली ती कितीही सुखात असली तरी तुम्ही तिला ढकलत राहणार. काही जण हे ऐकून तुमचा पैसा घेणार नाहीत. त्यांना जाऊ द्या, ती चाळीस माणसांची कंपनी जगेल. ज्याला नोकरीवर घेताना शेअर देता त्याला एक पान द्या: कंपनी किती किमतीच्या खाली विकली गेली तर तुझ्या हाती काहीच येणार नाही. प्रत्येक राउंडनंतर ते पान नवं करून द्या. ते काढायला मला दुपार पुरते, तुमच्याही हिशेबनिसाला पुरेल.

आणि बंद करायची वेळ आली तर ती ओळखा. माझ्या पहिल्या कंपनीत शेवटच्या महिन्याचा पगार देता आला नाही, कारण शेवटचे पाच महिने आम्ही नव्या राउंडची वाट बघत होतो आणि तो 'जवळजवळ झालाच' होता. पगार देण्याइतके पैसे असताना जो संस्थापक बोर्डापुढे उभा राहून "थांबूया" म्हणतो, त्याच्या पुढच्या कंपनीत पहिला चेक तुम्ही लिहा. तुमच्यापैकी काही जण असं करतातही, मला माहीत आहे. ते उघडपणे सांगा, म्हणजे पुढचा माणूस तोंड उघडायला धजेल.

आमच्या त्या संस्थापकाशी माझं अजून बोलणं होतं. तो आता नोकरी करतो. मागे एकदा त्यानेच विषय काढला. "मी 'हाइड कर' म्हटलं तेव्हा तू नाही म्हणायला हवं होतंस," म्हणाला. मी म्हटलं, "हो." मग बराच वेळ आम्ही दोघंही गप्प होतो.

ती शीट माझ्याकडे नाही, कंपनीची होती, तिथेच राहिली. पण कशी दिसायची ते डोळ्यांसमोर आहे. डाव्या कडेला ओळींचे क्रमांक असतात. ४१ नंतर एकदम ४३ यायचा. पुढच्या वेळी तुमच्यासमोर शीट येईल तेव्हा आधी ती कडा बघा, आणि आकडा कुठे उडी मारत असेल तर त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर, ती ओळ उघडायला सांगा.

आपली,
एक हिशेबनीस